खिडकीतले अंगण

पुनर्वाचन हा आम्हा साहित्याच्या प्राध्यापकांचा आवडता शब्द. चर्चासत्राच्या पत्रिकेत तो असतो, शोधनिबंधाच्या शीर्षकात असतो, आणि पदव्युत्तर वर्गाच्या पहिल्याच आठवड्यात आम्ही तो फळ्यावर लिहितो. पहिल्या वाचनात काय घडते ते कळते. ते कसे घडवले आहे हे कळायला दुसरे वाचन लागते, असे आम्ही दोघेही गेली कित्येक वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो आहोत. प्रस्तुत लेख अशाच एका पुनर्वाचनाविषयी आहे. फरक एवढाच की, ज्या संहितेकडे आम्ही परतलो ती पुस्तकाच्या रूपात नाही. 'डूम' (१९९३), 'क्वेक' (१९९६) आणि 'हाफ-लाइफ' (१९९८) हे तीन जुने व्हिडिओ गेम आम्ही गेल्या वर्षभरात पुन्हा खेळलो, आणि खेळताना शत्रूंपेक्षा भिंतींकडे अधिक पाहिले.

हे वाचून काही स्नेह्यांच्या कपाळावर आठी उमटेल ह्याची आम्हांला कल्पना आहे. गोळ्या झाडण्याच्या खेळात वाचण्यासारखे काय असणार? प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या नैतिक बाजूकडे पुढे यावेच लागेल. तूर्त परिभाषेपासून सुरुवात करू. ह्या प्रकाराला 'फर्स्ट-पर्सन शूटर' म्हणतात. ह्यातला 'फर्स्ट पर्सन' म्हणजे आपल्या व्याकरणातला प्रथमपुरुष. पडद्यावर नायक दिसत नाही. दिसतो तो त्याचा हात आणि हातातले शस्त्र. बाकी सारे त्याच्या डोळ्यांनी पाहायचे. मात्र कादंबरीतला प्रथमपुरुषी निवेदक सतत बोलत असतो, आणि हा निवेदक हुंकारापलीकडे तोंडातून अवाक्षर काढत नाही. आपण कोण, कुठून आलो, समोरचे पाहून मनात काय आले, ह्यांपैकी काहीच तो सांगत नाही. मग सांगते कोण? आमचे उत्तर असे की, जागा सांगते.

ह्या जागेला 'लेव्हल' म्हणतात. लेव्हल म्हणजे स्थूलमानाने अध्याय. सुरुवातीची एक जागा, बाहेर पडण्याचे एक दार, आणि मध्ये खोल्या, बोळ, जिने, अंगणे, कुलुपे आणि किल्ल्या. अध्यायातल्या वाक्यांचा क्रम लेखक ठरवतो. लेव्हलमध्ये कुठे वळायचे ते खेळणारा ठरवतो. रचनाकाराच्या हाती उरते ते एवढेच, की कुठे उभे राहिले असता काय दिसावे आणि काय दिसू नये. ह्या एवढ्याशा अधिकारातून काय काय साधता येते, ते पुन्हा खेळताना आमच्या लक्षात आले.

* * *

'डूम' घडला तो टेक्सास राज्यातील डॅलस शहराच्या मेस्किट ह्या उपनगरात. 'इड सॉफ्टवेअर' ही मूठभर तरुणांची कंपनी. तिचा आधीचा गेम, 'वुल्फेनस्टाइन ३डी' (१९९२), चौकटीच्या वहीवर आखल्यासारखा होता. सगळ्या भिंती काटकोनात, सगळ्यांची उंची सारखी, उजेडही सगळीकडे सारखाच. त्यामुळे कितीही फिरले तरी एक खोली दुसरीहून वेगळी म्हणून मनात राहत नसे. जॉन कार्मॅकने 'डूम'साठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये भिंत कोणत्याही कोनात वळू लागली, जमीन आणि छत खाली-वर होऊ लागले, आणि प्रत्येक भागाचा उजेड वेगळा ठेवता येऊ लागला. मर्यादाही होतीच. मुळात नकाशा सपाट होता. एका खोलीच्या वर दुसरी खोली बांधणे ह्या प्रोग्रॅमला शक्य नव्हते. जिना चढून आपण जिथे पोचतो ती खोली खालच्या खोलीच्या डोक्यावर कधीच नसते, नेहमी शेजारी असते. खेळताना हे जाणवत नाही, आणि न जाणवू देणे हेच रचनाकाराचे कसब. वृत्तात लिहिणाऱ्या कवीला मात्रा मोजाव्या लागतात. ऐकणाऱ्याला त्या मोजाव्या लागत नाहीत, तसेच हे.

ह्याच काळात कंपनीत एक वाद झाला. तो साहित्याच्या अभ्यासकांनी मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे. इडच्या संस्थापकांपैकी टॉम हॉल ह्याने 'डूम बायबल' नावाचा तपशीलवार आराखडा लिहिला होता. त्यात पात्रे होती, प्रसंग होते, सविस्तर कथानक होते. कार्मॅकच्या लेखी गेममधले कथानक ही असायला हरकत नसलेली, पण बिनमहत्त्वाची गोष्ट होती. आराखडा बहुतांशी बाजूला पडला, आणि १९९३च्या ऑगस्टमध्ये हॉल कंपनीतून बाहेर पडला. त्याने अर्धवट सोडलेल्या काही लेव्हल्स नंतर आलेल्या सँडी पीटरसनने पुऱ्या केल्या. १० डिसेंबर १९९३ रोजी गेम प्रसिद्ध झाला तेव्हा कथा म्हणून उरले होते ते एवढेच: मंगळाच्या फोबोस ह्या चंद्रावरील तळावर नरकाचे दार उघडले आहे, आणि एक सैनिक एकटाच आत शिरतो आहे.

कथेचा असा बळी गेलेला पाहून आमच्यासारख्यांना हळहळ वाटायला हवी. पुन्हा खेळल्यावर मात्र आमचे मत उलट झाले. कथा काढून घेतल्यामुळे सांगण्याचा सगळा भार जागेवर पडला, आणि जागेला तो पेलणे भाग पडले. आपल्याकडे कथात्म साहित्याचे घटक शिकवताना कथानक, पात्रचित्रण, निवेदन हे सारे उरकले की, बहुधा तास संपता संपता, 'वातावरणनिर्मिती' येते. स्थळ म्हणजे पार्श्वभूमी, असे आपण गृहीत धरतो. 'डूम'मध्ये पार्श्वभूमीखेरीज दुसरे काही शिल्लकच नव्हते.

* * *

पहिल्या लेव्हलचे नाव 'हँगर', म्हणजे विमाने ठेवण्याची शेड. रचनाकार जॉन रोमेरो. आपण एका मोठ्या खोलीत उभे असतो. शत्रू अजून कोणीही नाही. डावीकडे एक दालन आहे, त्यातल्या जिन्याच्या टोकाशी हिरवे चिलखत ठेवलेले आहे. हा पहिला धडा: वाट सरळ पुढे जात असली तरी बाजूला वळणाऱ्याला काही मिळते. उजव्या हाताला एक खिडकी आहे. तिच्यातून बाहेरचे अंगण दिसते; मागे करडे डोंगर, अंगणात हिरव्या विषारी पाण्याचे डबके, आणि तिथे एक निळे चिलखत, हिरव्याहून दुप्पट मोलाचे. खिडकीतून बाहेर जाता येत नाही. अंगणाकडे जाणारे दारही कुठे दिसत नाही.

खेळाडू पुढे जातो. पहिली चकमक होते, मग हिरव्या पाण्यावरून नागमोडी गेलेली पायवाट लागते. पुढे कुठेतरी, नीट पाहणाऱ्याला, भिंतीआड दडवलेली एक वाट सापडते. ती बाहेर उघड्यावर नेते. आपण त्याच अंगणात येतो, निळे चिलखत उचलतो, आणि मान वळवली तर समोर तीच खिडकी असते, आता पलीकडच्या बाजूने. आत ती रिकामी खोली दिसते जिथून आपण निघालो होतो.

रोमेरोने आपली काही तत्त्वे नंतर मुलाखतींतून आणि लेखनातून सांगितली आहेत. जमिनीचा पोत बदलला की तिची उंचीही बदलावी. उजेडाशेजारी अंधार असावा, अरुंद जागेनंतर मोकळी जागा यावी. बाहेरची जागा दिसत असेल तर तिथे कसेही करून पोचता आले पाहिजे. प्रत्येक लेव्हलमध्ये गुप्त जागा असाव्यात. लक्षात राहतील अशा खुणा असाव्यात. आणि खेळाडू एकाच ठिकाणी पुनःपुन्हा यावा, म्हणजे ती जागा त्याला सर्व बाजूंनी कळेल. ह्यांतली शेवटची दोन-तीन तत्त्वे आम्हांला वाङ्मयीन वाटतात. दिसलेले अंगण हे रचनाकाराने वाचकाला दिलेले वचन आहे. ते तो पाळतो, पण आपल्या सवडीने आणि आडवाटेने पाळतो. आणि वचन पुरे होते त्या क्षणी आपल्याला बक्षीस म्हणून चिलखत तर मिळतेच, पण त्याहून मोठे असे काही मिळते: सुरुवातीची खोली बाहेरून कशी दिसते ते कळते. गेम संपवून पुन्हा सुरू करण्याची गरजच नाही. पुनर्वाचन लेव्हलच्या आतच घडून गेलेले असते.

आम्ही हा गेम पहिल्यांदा पाहिला तो १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, एका तालुक्याच्या गावी, संगणकाच्या क्लासमध्ये. क्लास रात्री साडेआठला सुटे. तिथे शिकवणारा मुलगा आमच्याहून चारच वर्षांनी मोठा होता. तो शटर अर्धे ओढून आम्हांला तासभर बसू देई. संगणक एक आणि आम्ही तिघे-चौघे. एकाचे हात कळफलकावर, बाकीचे खुर्चीमागे उभे. "अरे, डावीकडे राहिलं", "मघाशी इथंच आलो होतो की", "ती भिंत बघ, तिचा रंग वेगळा आहे", असे चाललेले असे. प्रकार प्रथमपुरुषी एकवचनी होता. आम्ही तो अनेकवचनात खेळलो. वसतिगृहात संगणक नव्हता, तेव्हा दिवसा तासाला बसून वहीच्या मागच्या पानावर आठवणीतून नकाशे काढायचे आणि संध्याकाळी ते पडताळून पाहायचे. कुणाच्या नकाशात खिडकी चुकीच्या भिंतीला असे, कुणी जिना विसरे. एकाच लेव्हलचे चार पाठभेद तयार झाले होते, आणि हा शब्द एम.ए.च्या वर्गात पहिल्यांदा कानावर आला तेव्हा आम्हांला त्या वह्याच आठवल्या.

आमच्याकडची प्रत फुकट वाटली जाणारी होती. तिच्यात तीनपैकी पहिलेच पर्व होते, नऊ लेव्हल्सचे. त्या पर्वाचा शेवट चमत्कारिक आहे. आठव्या लेव्हलमध्ये दोन धिप्पाड राक्षसांना हरवल्यावर आजूबाजूच्या भिंती खाली बसतात, वाट मोकळी होते, आणि ती वाट आपल्याला एका अंधाऱ्या जागी नेऊन टाकते. तिथून बाहेर पडायला दार नाही. अंधारातून हल्ला होतो, आयुष्य संपत आले की पर्वही संपते. ज्यांनी पैसे भरून पुढची पर्वे घेतली त्यांच्यासाठी हे मध्यंतर होते. आमच्यासाठी कित्येक वर्षे तोच अंत होता. आठ लेव्हल्स प्रत्येक बंद दाराची किल्ली कुठेतरी ठेवणाऱ्या त्या गेमने शेवटी दारच नसलेली खोली पुढे केली, आणि आम्हांला तो अन्याय न वाटता शोकांतिका वाटली.

* * *

पुढची दोन पर्वे बहुतांशी सँडी पीटरसनची. हा गृहस्थ इतरांहून वयाने मोठा, एच. पी. लव्हक्राफ्टच्या भयकथांवर आधारलेल्या 'कॉल ऑफ क्थुलू' (१९८१) ह्या कागद-पेन्सिलीच्या खेळाचा कर्ता. त्याच्या लेव्हल्स रोमेरोच्या लेव्हल्सइतक्या देखण्या नाहीत. भिंतींचे पोत कसेही जोडलेले, खोल्यांना घाट नाही. तरुणपणी आम्ही त्यांना नाके मुरडली असती. आता पाहताना वाटते, रोमेरो वास्तू बांधतो आणि पीटरसन कल्पना. दुसऱ्या पर्वात दर लेव्हलनंतर दिसणाऱ्या नकाशात एक मनोरा थोडाथोडा उंच होत जातो. शेवटच्या लेव्हलचे नाव 'टॉवर ऑफ बेबल', म्हणजे आपण येणार म्हणून तो बांधला जात होता. तिसऱ्या पर्वाच्या दुसऱ्या लेव्हलचा नकाशा उघडून पाहिला तर तो माणसाच्या पंजाच्या आकाराचा निघतो. आपण इतका वेळ कुणाच्या तरी बोटांमधून चालत होतो हे नंतर कळते.

ह्या पंजाच्या लेव्हलचे नाव 'स्लाऊ ऑफ डिस्पेअर', निराशेची दलदल. जॉन बनियनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'मधील अशाच दलदलीची आठवण करून देणारे. मराठीच्या अभ्यासकाला हे नाव परके वाटायचे कारण नाही. त्या ग्रंथाचे हरी केशवजी ह्यांनी केलेले भाषांतर, 'यात्रिकक्रमण' (१८४१), मराठी कादंबरीच्या इतिहासात अगदी आरंभी येते. परीक्षेपुरते सनावळीसह पाठ करून आपण ते सोडून देतो. पण त्या रूपककथेत निराशा ही मनाची अवस्था म्हणून येत नाही; ती चिखलाची जागा म्हणून येते, आणि यात्रिकाला तिच्यात पाय घालावा लागतो. भावना सांगायची नाही, तिच्यातून चालायला लावायचे, ही युक्ती मेस्किटमध्ये शोधली गेली नव्हती.

पीटरसनची आम्हांला सर्वांत विलक्षण वाटलेली लेव्हल मात्र तिसऱ्या पर्वाची नववी, 'वॉरन्स' नावाची. ती गुप्त आहे. सहाव्या लेव्हलमधले दडलेले दार सापडले तरच तिथे पोचता येते. पोचल्यावर पहिली भावना फसगतीची होते. ही तर ह्याच पर्वाची पहिली लेव्हल आहे. तीच सुरुवात, तीच वळणे, तेच शत्रू. इतके कष्ट करून आपण पुन्हा पहिल्या अध्यायात? खेळाडू कंटाळून भराभर चालत सुटतो, कारण सगळे पाठ आहे. शेवटच्या दारापाशी येतो. आणि तिथे आजूबाजूच्या भिंती खाली बसतात, ओळखीच्या खोल्यांच्या पलीकडे एवढा वेळ काय दडले होते ते उघडे पडते, आणि खरी लेव्हल तिथून सुरू होते. पुनर्वाचनाविषयी आम्ही वर्गात जे काही बोलतो ते सारे ह्या एका रचनेत आहे. मुख्य म्हणजे त्यातला कंटाळाही आहे: 'हे मला माहीत आहे' ही भावना उत्पन्न केल्यावाचून ती भिंत पाडण्यात काही अर्थ नसता.

ह्यानंतरच्या दोन गेमविषयी थोडक्यात. 'क्वेक'मध्ये खोलीवर खोली बांधणे शक्य झाले आणि रचना उभी वाढली. त्यात सोपे की अवघड ही निवडसुद्धा यादीतून करायची नाही. एका दालनातून निघणाऱ्या वाटांपैकी एकीने चालत जायचे, की निवड झाली. 'हाफ-लाइफ'ने कथा परत आणली, पण ती टॉम हॉलच्या आराखड्यातली नव्हे. आरंभी आपण एका प्रयोगशाळेतल्या रेल्वेत बसून कामावर जातो. बराच वेळ काहीच घडत नाही. डब्यात इकडेतिकडे फिरावे, काचेतून पाहावे. मग दालने, पहारेकरी, सहकारी, आणि एक प्रयोग. प्रयोग फसतो, आणि परतताना त्याच दालनांतून यावे लागते. ज्या खोल्यांतून दहा मिनिटांपूर्वी उगाच रेंगाळत गेलो त्यांची छते कोसळलेली असतात, ज्यांच्याशी बोललो ते जमिनीवर पडलेले असतात. 'केवढा अनर्थ झाला' असे एकही पात्र आपल्याला समजावून सांगायला नको. अनर्थाची मोजणी करायला पहिली फेरी होती.

* * *

पडलेल्या माणसांचा उल्लेख आलाच आहे, तेव्हा टाळलेला प्रश्न आता घ्यायला हवा. २० एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार करून हत्याकांड घडवले. दोघेही 'डूम' खेळत, आणि त्यांच्यापैकी एक स्वतः लेव्हल्स बनवत असे. आपल्या शाळेचाच नकाशा त्याने लेव्हल म्हणून बनवला होता, अशी बातमी पसरली. ती अफवा होती; त्याच्या ज्ञात लेव्हल्समध्ये तशी एकही नाही. पण अफवेने नेमके काय कल्पिले ते पाहण्यासारखे आहे. लोकांना बंदुकीपेक्षा नकाशाची भीती वाटली. एखादी जागा पुनःपुन्हा फिरून पाठ करणे, तिचे कोपरे आणि दारे ओळखीची करून घेणे, ही कृती निरागस नाही, हे त्या भीतीला उमगले होते.

गेममुळे हिंसा घडते की नाही हा मानसशास्त्राचा प्रश्न. त्यावर मत देण्याचा अधिकार आम्हांला नाही. आम्ही संहितेपुरते बोलू. 'डूम'मध्ये मारलेले शत्रू नाहीसे होत नाहीत. जिथे पडले तिथे ते लेव्हल संपेपर्यंत पडून राहतात. पुन्हा त्या खोलीत आलो की त्यांच्यावरूनच कळते, इथून आपण गेलो होतो. किल्ली शोधत एकसारख्या दिसणाऱ्या बोळांतून फिरताना आम्ही कित्येकदा असे केले: जिथे मृतदेह नाहीत त्या बाजूला वळायचे, कारण तिकडचे अजून पाहायचे राहिले आहे. म्हणजे वाट दाखवणाऱ्या खुणा आपणच मारून ठेवलेल्या असतात. विसाव्या वर्षी ह्याचे काही वाटले नाही. पंचेचाळिशीत ते खेळताना हात थबकतो.

ही अस्वस्थता रचनेने हेतुतः निर्माण केली, असा दावा आम्ही करणार नाही. तो उपरेपणा होईल. रचनाकारांना वेग हवा होता, थरार हवा होता. पण परत फिरायला लावणाऱ्या रचनेत ती अंगभूत आहे एवढे नक्की. सरळ पुढे पळवणाऱ्या गेममध्ये मागे काय पडले आहे ते पाहण्याची वेळ येत नाही. इथे ती येते, कारण लाल दाराची किल्ली मिळाली की लाल दारापर्यंत आपल्याच कृत्यांमधून चालत जावे लागते. गोंगाट संपलेला असतो. खोली रिकामी असते, दिवा तसाच लुकलुकत असतो. त्या शांततेचे काय करायचे ते गेम सांगत नाही.

* * *

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा. २००० नंतरच्या पुष्कळ गेममध्ये पडद्यावर एक बाण किंवा ठिपका दिसतो: इकडे जा, इतके मीटर राहिले. अपवाद आहेत, पण बाणाची सवय सार्वत्रिक झाली आहे. जागा कितीही सुंदर असो, खेळाडू बाणाकडे पाहतो. गेल्या सत्रात आमच्या एका विद्यार्थ्याला आम्ही 'हँगर'नंतरच्या दोन-तीन लेव्हल्स खेळायला दिल्या. मुलगा हुशार, नवे गेम भरपूर खेळलेला. पहिली पाच मिनिटे तो पडद्याच्या कडा शोधत होता. "सर, जायचं कुठंय ते कुठे दिसतं?" आम्ही म्हटले, ते दिसत नाही. तो वैतागला, दोनदा त्याच बोळात फिरला, एका बंद दाराशी उभा राहून परतला. नंतर बराच वेळ बोलला नाही. मग एका उंच कठड्यावर आला, खाली पाहिले, आणि म्हणाला, "थांबा. ही मघाचीच खोली आहे ना? मी तिथे खाली उभा होतो." त्याच्या आवाजात जे होते ते आम्ही ओळखतो. वर्षाकाठी एखाद्या वेळी, एखाद्या कादंबरीच्या तासाला, शेवटच्या प्रकरणातला तपशील पहिल्या प्रकरणाशी जुळतो तेव्हा वर्गातल्या एखाद्या मुलीच्या चेहऱ्यावर तेच असते.

बाण आणि गाईड ह्यांची तुलना करण्याचा मोह आम्हांला झाला, आणि त्यावरून आम्हां दोघांत मतभेदही झाला. एकाचे म्हणणे, गाईडवरून अभ्यास करणारा विद्यार्थी आणि बाणामागे धावणारा खेळाडू ह्यांचे नुकसान एकच आहे: दोघेही शेवटाला पोचतात आणि दोघांनाही वाटेत खिडकी होती हे ठाऊक नसते. दुसऱ्याचे म्हणणे, विद्यार्थ्याला दोष देणे सोपे आहे. तीन महिन्यांचे सत्र, डोक्यावर अंतर्गत मूल्यमापन, एका पेपरला पाच पुस्तके, अशा व्यवस्थेत हरवण्याची चैन त्याला कोण परवडू देणार? आम्ही शटर अर्धे ओढून तास तास त्या भिंती चाचपू शकलो, कारण त्यावर गुण नव्हते. हा मतभेद मिटलेला नाही. एवढ्यावर मात्र दोघेही आलो की, हरवणे म्हणजे नुसते वाट चुकणे नव्हे. आपण इथे आलो होतो हे ओळखण्यासाठी आधी, आपण कुठे आहोत हे माहीत नसण्याचा काळ जावा लागतो. चांगला रचनाकार तो काळ सुसह्य करतो. रद्द करत नाही.

'डूम'चा प्रोग्रॅम १९९७ साली सर्वांना खुला करण्यात आला, आणि जगभरचे हौशी लोक त्यासाठी आजही लेव्हल्स रचतात. रोमेरोही परतला, 'सिजिल' (२०१९) आणि तिसाव्या वर्धापनदिनी आलेला 'सिजिल २' (२०२३) ही त्याची नवी पर्वे. मात्र पुनर्वाचनाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी लेव्हल एका हौशी रचनाकाराची आहे, मार्च २०२३ मध्ये आलेली 'मायहाऊस'. तिची प्रेरणा मार्क डॅनियलेव्स्कीची 'हाऊस ऑफ लीव्ह्ज' (२०००) ही कादंबरी. वरवर पाहता एक साधे दुमजली घर, कुणीही हौसेने आपल्या घराचा नकाशा करावा तसे. फेरी मारून बाहेर पडावे तर बाहेर पडता येत नाही. आणि पुन्हा आत यावे तर घर तेच नसते. एखादे दार सरकलेले असते, खोल्या जिथे मावायला नकोत तिथे मावतात, संगीतही हळूहळू बिघडत जाते. जुन्या प्रोग्रॅमला खोलीवर खोली चढवता येत नव्हती. नव्या सुधारित आवृत्त्यांच्या आधाराने इथे ती मर्यादाच भयाचे कारण झाली आहे. जुना खेळाडू त्या घरात वरच्या मजल्यावर उभा राहतो आणि त्याला आतून ठाऊक असते की, हा मजला इथे असणे शक्य नाही.

येत्या सत्रात आम्ही एक स्वाध्याय देणार आहोत. नेमलेली कादंबरी वाचून झाल्यावर तिच्यातल्या घराचा नकाशा काढायचा. पुस्तक न उघडता, आठवणीतून. दारे कुठे, माजघरातून काय दिसते, कोणती खोली कुणाला कधीच उघडलेली मिळत नाही. मग वर्गातले सगळे नकाशे शेजारी शेजारी ठेवायचे आणि जिथे ते एकमेकांशी पटत नाहीत तिथून पुस्तक पुन्हा उघडायचे. गुण किती ठेवायचे ह्यावर अद्याप एकमत झालेले नाही. आमच्यापैकी एकाचे मत, गुण ठेवूच नयेत.